चेहरे कापायचं दुकान

फ्लेक्सच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते आपल्या पायानं येतात, आणि येताना फोटो घेऊन येतात! वाढदिवस असो, दहावा असो, वास्तुशांती असो, आधी फोटो. फोटो आला की आम्ही त्यातला चेहरा कापून घेतो, मागची भिंत, पडदा, शेजारी सगळं उडवतो आणि तो चेहरा नावानिशी कॉम्प्युटरवर ठेवून देतो. पुढच्या वेळी परत मागायला नको.

परभणीत हे दुकान टाकून मला बारा वर्षं झाली. बॅनर उन्हात विटतं, मग कुणाच्या तरी गोठ्यावर नाहीतर सोयाबीनच्या गंजीवर पडतं. चेहरा मात्र आमच्याकडे तसाच राहतो. अर्ध्या जिल्ह्याची तोंडं माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही की बालाजी, माझ्या तोंडाचं तू काय करतोस?

मीही कधी विचार केला नव्हता. खरं सांगतो.

*

म्हणजे अगदीच कुणी विचारलं नाही असं नाही. एकानं विचारलं होतं.

राणीसावरगावचा एक उत्साही गडी पुतण्याच्या पहिल्या वाढदिवसाचं बॅनर करायला आला. खाली शुभेच्छुकांचे एकवीस गोल पाहिजेत म्हणाला. फोटो आणले सात! बाकीचे कुठं आहेत म्हटलं, तर म्हणतो, "तुमच्याकडं असतीलच की गावातले. टाका कुणाचेबी. एकवीसच्या खाली शोभत न्हाई."

आम्ही टाकले. बॅनर गावात लागलं. दुसऱ्या दिवशी गाडीवरून एक काका आले. हेल्मेटही काढलं नाही.

"माझा फोटो कुणाला इचारून टाकला?"

"काका, शुभेच्छुक म्हणून..."

"कशाचा शुभेच्छुक! त्याच्या बापासंगं माझी बांधाची केस चालू हाय. सकाळपासून वकील इचारायलाय, तुमचं मिटलं का म्हणून!"

आमच्या दुकानात मशीन सांभाळतात गफूरभाई. माझ्यापेक्षा वयानं मोठे, डोक्यानं थंड. ते काकांच्या मागं गाडीवर बसून गावाला गेले, शिडी लावली आणि ब्लेडनं तेवढा गोल कापून आणला. प्रकरण मिटलं असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "अहो, कुणी आधी बघितलं नव्हतं त्येबी आता भोकाकडं बोट दाखवून माझंच नाव घ्यायलेत! परत बसवा तो गोल. पण तोंड दुसऱ्याचं!"

*

मंगलताई आमच्याकडे आली ती दिवाळीनंतर. दारावर "डिझायनर पाहिजे" अशी चिठ्ठी होती, ती वाचून आत आली. मी मजकूर सांगून संपवायच्या आत तिचं टाईप करून झालेलं. काम पक्कं झालं असं मी म्हणणार, तेवढ्यात तिनंच विचारलं, "दादा, तुमी दुकानातले फोटो फेसबुकला टाकता का?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "रोज! लाईव्हसुद्धा करतो. बघा की आपलं पेज."

"मग मला मागच्या खोलीत बसवा. माझा फोटो, नुसता हात दिसला तरी, कुठं जाऊ देऊ नका. जमत नसंल तर आत्ताच सांगा."

मला राग आला. कामावर यायच्या आधीच अटी! पण काम तुंबलेलं होतं, म्हणून हो म्हटलं.

महिन्याभरानं तिनंच सांगितलं. नवऱ्यानं दोनदा मनगट मोडलं होतं. तिसऱ्यांदा त्यानं पोरीवर हात उचलला, तेव्हा ती पोरीला घेऊन निघाली. मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीनं वेगळी राहते, असा जबाब पोलीस ठाण्यात लिहून दिला. कायद्यानं सगळं नीट होतं. पण नवरा कायद्यानं शोधतच नव्हता, तो फोनवर शोधत होता. आधी ती ज्या गावात राहिली, तिथं शेजारणीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी फोटो काढला आणि टाकला. मंगलताई मागच्या रांगेत सहावी, अर्धाच चेहरा. चौथ्या दिवशी तो पोरीच्या शाळेच्या फाटकात उभा!

"रातोरात परभणीला आले, दादा. आता आणखी एक गाव बदलायची ताकद न्हाई माझ्यात. पोरगी सातवीला गेली. इथं तिला मैत्रिणी हायेत."

बारा वर्षं फोटोंवर जगणाऱ्या मला त्या दिवशी पहिल्यांदा फोटोची भीती वाटली. गफूरभाई उठले. मागच्या खोलीच्या दाराला काच होती. त्यावर त्यांनी एका पडलेल्या उमेदवाराचं जुनं बॅनर आतून-बाहेरून चिकटवलं आणि म्हणाले, "अब कोई झाँका तो साहेबच दिसतील. आणि साहेबाला कोण बघायला येत नाही!"

*

आमच्या पेजवर टाकलेलं काम आम्ही कधी काढत नसू. त्याचा इंगा मला एका लग्नाच्या बॅनरच्या वेळी दिसला.

मुलगा परभणीचाच. त्याचं बॅनर आम्ही केलं, पेजवर टाकलं. दुसऱ्या दिवशी नवरीचे मामा दुकानात. रात्रभर बोटानं आमचं पेज खाली ओढत ते सहा वर्षं मागं गेले होते! तिथं याच मुलाच्या साखरपुड्याचं बॅनर होतं. शेजारी मुलगी दुसरीच.

मामांनी मोबाईल टेबलावर आपटला. "ही कोण? हिचं काय झालं? लगीन रविवारी हाय आमचं!"

तो साखरपुडा मोडला होता, मुलीकडच्यांनीच मोडला होता, पण ते मी कोण सांगणारा? आणि माझ्या एका विसराळूपणानं या पोरीचं लग्न मोडलं तर? मी उगीच माऊस हलवत बसलो. मामांचा आवाज चढत गेला. बाहेर चार माणसं जमली.

मामांनी सगळ्यांच्या देखत भाचीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "तुझ्या नवऱ्याचं पयलं एक जमलं व्हतं. तुला कुणी सांगितलंय का?"

"त्यांनीच सांगितलं, मामा. बघायला आले त्याच दिवशी."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस?"

"तुमाला कशाला सांगू? आणि ते पेज लय खाली जाऊन बघायला बसू नका. तुमी कुणाकुणाच्या फोटोखाली 'नाईस पिक डिअर' लिहून आलाव, तेबी मला दिसायलंय!"

मामांनी स्पीकर बंद करायला जेवढा वेळ लावला, तेवढ्यात बाहेरच्या चारांची आठ माणसं झाली होती.

मागच्या खोलीतून मंगलताईचं हसू ऐकू आलं. दुकानात ती पहिल्यांदाच हसली. त्याच आठवड्यात मी पेजवरचं जुनं सगळं काढून टाकलं.

*

पण आपण काढून काय होतं? गिऱ्हाईकाच्या हातात फोन असतोच.

आमचे एक "भावी नगरसेवक" आहेत. गेली दहा वर्षं भावीच आहेत. नवीन मशीनच्या पूजेला आम्ही त्यांना बोलावलं. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि मी पाठ फिरवतो तोवर भाऊंनी लाईव्ह सुरू केलं!

"मित्रहो, मी आत्ता आपल्या बालाजीभाऊंच्या दुकानातून बोलायलोय. हे बघा मशीन. हे गफूरभाई. आणि चला, मागं त्यांचा स्टाफ बसतो, त्यांनाबी भेटू!"

मी "भाऊ, भाऊ" म्हणत पुढं झालो, तर त्यांनी मलाच कॅमेऱ्यात घेतलं. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात फोन, आणि पायानं मागचं दार ढकललं. मंगलताई टेबलाशी होती. तिला उठायलाही जागा नव्हती. मागं भिंत, पुढं भाऊ.

आणि खट्‌! सगळा अंधार. गफूरभाईंनी मेन स्विच खाली ओढला होता.

"लाईट गेली वाटतं," गफूरभाई शांतपणे म्हणाले.

परभणीत लाईट गेली म्हटल्यावर कुणी कारण विचारत नाही. भाऊंनी अंधारातच सरकारवर दोन मिनिटं टीका केली आणि लाईव्ह बंद केलं.

नंतर आम्ही तिघांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला त्याला गणती नाही. थांबवून, मागे नेऊन, मोठा करून. दार उघडल्यापासून अंधार होईपर्यंत डोळा मिटण्याइतका वेळ, आणि त्यात टेबलाच्या कडेला एक कोपर. कोपराखाली हिरव्या बांगड्या.

मी भाऊंच्या घरी जाऊन व्हिडिओ काढून टाकायला लावला. आवाज नीट आला नाही, तुमची इमेज खराब होईल, असं सांगितलं. ते तत्काळ पटलं!

मंगलताई मात्र त्या दिवसापासून हातात बांगडी घालत नाही. ते बघून मला वाईट वाटतं.

*

पोरगी हुशार निघाली, ही आणखी एक पंचाईत.

शिष्यवृत्ती परीक्षेत शाळेची नऊ मुलं आली. हेडमास्तरांनी बॅनर सांगितलं, आठ बाय चार, शाळेच्या फाटकावर. नऊ गोल, नऊ नावं, वडिलांच्या नावासकट. यादीत तिसरं नाव मंगलताईच्या पोरीचं. आणि ते काम समोर आलं मंगलताईच्याच.

मी बघत होतो. तिनं आठ मुलांचे चेहरे कापले, गोलात बसवले, नावं टाकली. तिसरा गोल तसाच. दोन तास ती त्या गोलासमोर बसून होती. पोरीचा फोटो तिच्याकडे होता. शाळेच्या गणवेशातला, दोन वेण्या, हसरा. कुठल्या आईला तो लावावासा वाटणार नाही?

शाळा सुटल्यावर पोरगी दुकानात आली. दप्तर न उतरवताच स्क्रीनकडे बघितलं. काय चाललंय ते तिला सांगावं लागलं नाही. त्या वयाला हे एवढं कळू नये असं मला वाटतं.

"मम्मी, फोटो नसल्यावर तुमी गुलाबाचं फूल लावता ना? मला त्येच लाव. मोठं लाव."

वडिलांचं नावही टाकलं नाही. नुसतं "कु. अक्षरा".

हेडमास्तर प्रूफ बघायला आले आणि चिडले. "हिचा फोटो मी स्वतः दिला व्हता. काय केलं त्याचं?"

"करप्ट झाला, सर," मी म्हणालो.

"आख्ख्या शाळेत हुशार पोरगी हीच, आणि हिचाच करप्ट?"

"हुशार पोरांच्या फोटोची साईज मोठी येते, सर!" गफूरभाई मशीनमागून म्हणाले. हेडमास्तरांना ते खरं वाटलं. त्यांनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

*

आता जे सांगतो त्यात चूक माझी आहे. आधीच कबूल करतो.

मराठवाड्यातल्या फ्लेक्सवाल्यांचा एक ग्रुप आहे. कुणी फॉन्ट मागतो, कुणी मशीनचा बिघाड विचारतो. आणि त्यावर "हरवले आहे"च्या पोस्ट येतात. कुणाचा म्हातारा बाप घरातून निघून गेलेला, कुणाचं लेकरू जत्रेत चुकलेलं. अशी पोस्ट करायचे आम्ही पैसे घेत नाही, आणि आली की क्षणाचा विचार न करता पुढे ढकलतो. तेवढंच पुण्य. माझ्यासारखा चटकन ढकलणारा तर अख्ख्या ग्रुपात नसेल, असा मला अभिमान होता!

त्या दुपारी एक पोस्ट आली. नथ घातलेली तरुण बाई. "हरवली आहे. मानसिक संतुलन ठीक नाही. सोबत मुलगी. दिसल्यास ताबडतोब संपर्क करावा." खाली नाव, वैष्णवी अमुक अमुक, आणि एक फोन नंबर. मी चहा पीत पीत तीन ग्रुपांवर टाकली आणि फोन बाजूला ठेवला.

गफूरभाईंनी त्यांच्या फोनवर तीच पोस्ट उघडली आणि खुर्चीतून उठले. "बालाजी, ये देख. नथ झाकून बघ."

मी अंगठ्यानं नथ झाकली. माझ्या हातून कप सुटला.

वैष्णवी हे सासरी ठेवलेलं नाव होतं. लग्नात तांदळावर लिहून बदललेलं. मंगल हे माहेरचं.

मी टाकलेल्या तिन्ही ठिकाणांहून पोस्ट काढली. पण शंभरेक लोकांनी बघितली होती, कितीतरी जणांनी पुढे पाठवली होती. इतक्यात फोन वाजला. पोखर्णीचा दिगंबर, जत्रेची बॅनरं दर वर्षी आमच्याकडेच करणारा. मनानं फार चांगला माणूस, आणि त्या क्षणी मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"बालाजी, तू टाकलेली ती बाई तुझ्या मागल्या खोलीत बसती तीच तर न्हाई? मी प्रूफ घ्यायला आलतो तवा बघितली व्हती. नंबर लावू का त्यांना? घरचे बिचारे हैराण झाले असतील."

"थांब," मी म्हणालो, "दहा मिनिटं थांब. मी खात्री करून सांगतो."

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. मंगलताईनं सगळं ऐकलं होतं. तिनं गफूरभाईंच्या हातातून फोन घेतला, स्वतःचा फोटो बघितला आणि "मानसिक संतुलन" या शब्दांवर तिचं बोट थांबलं. मग तिनं टेबलाखालची पिशवी ओढली. डबा, पाण्याची बाटली, पोरीच्या शाळेचे कागद एकेक करून भरायला लागली.

"ताई, चुकलं माझं," मी म्हणालो. मला रडू येत होतं. "मी दिगंबरला सांगतो, ती दुसरीच आहे म्हणून."

"एक दिगंबर थांबंल, दादा. बाकीच्यांचं काय?"

गफूरभाई घड्याळाकडे बघत होते. दहातली चार मिनिटं गेली होती.

मंगलताईनं पिशवीची चेन अर्ध्यावर आणली आणि थांबली. पुन्हा फोटोकडे बघितलं, या वेळी डिझायनरच्या नजरेनं. पिशवी खाली ठेवून ती कॉम्प्युटरसमोर बसली.

"भाई, हा फोटो पाठवा हिकडं. आन्‌ आपला तो शिक्का कुठं ठेवलाय?"

आमच्या धंद्यात एक रीत आहे. हरवलेलं माणूस सापडलं की त्याच पोस्टवर तिरपा लाल शिक्का मारून ती पुन्हा सगळीकडे फिरवायची. शिक्का पडला की लोक हात जोडतात, जुनी पोस्ट काढतात आणि विसरून जातात. शिक्का कुणी मारला हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

तिनं स्वतःच्या चेहऱ्यावर शिक्का ठेवला. "सापडली". थोडा मोठा केला, मग आणखी मोठा, इतका की त्याखाली नाक-डोळे झाकून गेले. नवऱ्याचा नंबर पुसला.

"खाली एक ओळ टाकावी लागते, ताई," मी चाचरत म्हणालो. "कुठं सापडली ती. त्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही."

मंगलताईनं डोळे पुसले आणि टाईप केलं. "सुखरूप आहे. स्वतःच्या घरी."

मी ती पोस्ट ग्रुपवर टाकली, तीन ग्रुपांवर टाकली, दिसेल तिथं टाकली. आठव्या मिनिटाला दिगंबरचा फोन आला. "अरे, सापडली म्हणं की! बरं झालं, मी लावणारच व्हतो. तुझ्याकडची येगळीच हाय मग." रात्रीपर्यंत तो शिक्का माझ्या मावशीपासून भावी नगरसेवकांपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर होता.

चौथ्या दिवशी ग्रुपवर तिच्या नवऱ्याच्या जिल्ह्यातल्या फ्लेक्सवाल्यानं पुन्हा तोच नथीचा फोटो टाकला. खाली नवऱ्याचा निरोप होता. "आधीची पोस्ट खोटी आहे. माझी पत्नी अजून सापडलेली नाही. कृपया शोध चालू ठेवावा."

आम्ही तिघं दुकानाच्या फोनवर डोकं घालून बसलो. मंगलताईचा पाय आपोआप टेबलाखालच्या पिशवीकडे सरकत होता.

मग ग्रुपवर पहिलं उत्तर आलं. माणूस कुठला कोण, आमच्या कुणाच्याच ओळखीचा नाही.

"दादा, परवा घरी सापडलेली बाई आज परत कशी हरवली? घरात नीट वागवत जा की!"

त्याखाली एक अंगठा आला. मग दुसरा. मग अंगठे मोजता येईनात. मंगलताईनं तो मेसेज दोनदा वाचला, माझ्या हातातून दुकानाचा फोन घेतला आणि दुकानाच्या नावानं आपलाही अंगठा टाकला.